बोलायला लावणारा जपानी वर्ग : तीन महिन्यांचा अनुभव

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागात एका शिक्षिकेच्या राहत्या घरी जपानी संभाषणाचा वर्ग चालतो. गेल्या पावसाळ्यात तीन महिने मी तेथे शिकलो. या वर्गाला ना पाटी आहे ना जाहिरात. बाईंच्या इच्छेला मान देऊन मीही नाव देत नाही. आठवड्यातून तीन संध्याकाळी दीड-दीड तास, तुकडीत आठ जण आणि तीन महिन्यांचे शुल्क ९,००० रुपये, अशी व्यवस्था आहे. माझ्या तुकडीत वाळूजच्या कारखान्यांतील तीन अभियंते होते, जपानमध्ये परिचारिका म्हणून जाऊ पाहणाऱ्या दोन मुली होत्या, आणि मी अजिंठा-वेरूळ येथे पर्यटकांना लेणी दाखवण्याचे काम करतो.

तेथे जाण्याचे कारण आधी सांगितले पाहिजे. पुण्याच्या केंद्रावर जाऊन मी जपानी भाषेची एन ४ ही परीक्षा उत्तीर्ण झालो होतो. त्या परीक्षेत शब्द, व्याकरण, वाचन आणि श्रवण तपासले जाते. बोलण्याची परीक्षा त्यात एकाही पातळीवर नाही. त्यामुळे प्रमाणपत्र हाती आले, तरी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर एका वयस्क जपानी बाईंनी साधा प्रश्न विचारला, तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. प्रश्न मला पूर्ण कळला होता. उत्तर मात्र मी मनात आधी मराठीत रचत होतो, मग ते उतरवत होतो, मग क्रियापदाचे रूप तपासत होतो, आणि तोवर त्या बाई नम्रपणे मान झुकवून पुढच्या चित्राकडे वळल्या होत्या. ही कोंडी फोडण्याचे काम या वर्गाने केले, असे मी जबाबदारीने लिहितो.

वर्गातील मुख्य सराव दिसायला अगदी साधा आहे. एकच हकिकत आधी चार मिनिटांत एकाला सांगायची, मग तीच दुसऱ्याला तीन मिनिटांत आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत. ऐकणारा दर वेळी नवा असल्यामुळे सांगण्यात खोटेपणा येत नाही आणि हकिकत तीच असल्यामुळे डोके शब्द शोधण्यात अडकत नाही. तिसऱ्या फेरीला वाक्ये आपोआप जोडली जातात. मी अजिंठ्याच्या भिंतींची हकिकत निवडली होती. गिलावा, रंगद्रव्य यांचे जपानी शब्द पहिल्या फेरीत आठवेनात, तेव्हा बाईंनी वहीकडे पाहू दिले नाही. जे शब्द येतात त्यांतूनच वाट काढा, एवढेच त्या म्हणाल्या. मला घरची सारवलेली भिंत आठवली आणि मी म्हणालो, ‘काबे नी त्सुची ओ नुत्ते, सोनो उए नी ए ओ काकिमाश्ता’, म्हणजे भिंतीला माती लिंपली आणि तिच्यावर चित्र काढले. वाक्य अगदी बाळबोध होते, पण पर्यटकाला नेमके तेच हवे असते.

आपल्या माणसाला जपानी बोलताना काय सोपे आणि काय अवघड, याची बाईंना असलेली जाण ही या वर्गाची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. वाक्याचा क्रम आपलाच आहे. ‘मी काल बसने पुण्याला गेलो’ हे ‘वाताशी वा किनोओ बासु दे पूने ए इकिमाश्ता’ असे शब्दाला शब्द लावून होते. ‘ने’ आणि ‘ला’ जसे नामाच्या मागे लागतात, तसेच ‘दे’ आणि ‘ए’. खरी अडचण ‘मी’ आणि ‘तुम्ही’ यांची आहे. जपानी माणूस ती सर्वनामे बहुतेक वेळा गाळतो आणि ग्राहकाला किंवा वडीलधाऱ्याला ‘आनाता’ म्हणणे तर उद्धटपणाचे ठरते. आम्ही सर्वनाम उच्चारले, की बाई टेबलावर पेन्सिल वाजवत. पंधरा दिवसांत ती सवय गेली आणि वाक्येही आखूड झाली.

उच्चारांच्या बाबतीत तर मराठी माणसाला घरचेच भांडवल आहे. ‘त्सुची’मधला पहिला ध्वनी चुलीतल्या ‘च’चा आहे, चहातल्या ‘च’चा नव्हे. सांपो, सांदो, सांगात्सु या शब्दांतील अनुस्वार संप, संत, संकट यांच्याप्रमाणेच पुढच्या अक्षरानुसार बदलतो. जपानी अक्षरमालेचा का-सा-ता-ना हा क्रमसुद्धा बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आलेला आहे, आणि अजिंठ्यात काम करणाऱ्या माझ्यासारख्याला त्याचे विशेष अप्रूप वाटते. पण ऱ्हस्व-दीर्घात आपण फार चुकतो. ‘ओबासान’ म्हणजे काकू आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. फरक केवळ एका मात्रेचा. बाईंनी येथे शाळेतील मात्रावृत्ते आठवायला लावली. आ-जा-न-ता-आ अशा पाच मात्रा, से-क-कु-त्सु म्हणजे लेणी, त्याच्या चार मात्रा, प्रत्येक मात्रेला बोटाची एक टिचकी. मात्रा सांभाळल्या, की बोलणे सावकाश असले तरी अडखळते वाटत नाही. ओघ म्हणजे वेग नव्हे, हे मला त्या टिचक्यांनी शिकवले.

ऐकणाऱ्याचे कामही तेथे शिकवले जाते आणि ते इतरत्र मला कोठेही मिळाले नव्हते. गोष्ट सांगणाऱ्याला आपल्याकडे जसा हुंकार द्यावा लागतो, तसे जपानी संभाषणात ‘हाइ’, ‘ए’, ‘सोओ देस ने’ असे सतत द्यावे लागते. त्याला ‘आइझुची’ म्हणतात. हा ‘हाइ’ ‘ऐकतो आहे’ एवढेच सांगतो, त्याचा अर्थ होकार असा घेऊ नये. तसेच कोणी ‘चोत्तो...’ म्हणून वाक्य अर्धे सोडले, तर तो बहुधा नकार असतो, आपल्या ‘बघू’सारखा. विचार करायला वेळ हवा असेल, तर गप्प न बसता ‘एएतो’ म्हणावे. या तीन-चार शब्दांनी माझ्या बोलण्यातली रिकामी जागा भरली आणि समोरच्याचा अवघडलेपणाही गेला.

उणिवाही आहेत. आदरार्थी आणि विनम्र भाषेला तीन महिन्यांत केवळ दोन संध्याकाळी मिळाल्या, आणि आमच्या व्यवसायात ते पुरत नाही. आपण परक्यांसमोरही ‘आमचे साहेब येतील’ असे आदराने म्हणतो. जपानीत मात्र बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या साहेबांच्या नावामागचे आदरार्थी ‘सान’ गाळून विनम्र क्रियापद वापरावे लागते. हे अंगवळणी पडायला महिना तरी हवा. शब्दातील स्वरांच्या चढउताराकडे जवळजवळ दुर्लक्ष झाले. दर शनिवारी एका जपानी गृहस्थांशी दृक्-संवाद असतो, तो माझ्या काळात चारदा रद्द झाला आणि त्याची भरपाई मिळाली नाही. चिनी अक्षरांवरून आलेली कांजी लिपी येथे शिकवत नाहीत. परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवूनच प्रवेश घ्यावा. अगदी नवख्यांनी तर येऊच नये, कारण निदान एन ५ या सर्वांत सोप्या पातळीचे शब्द जवळ असल्याशिवाय पहिली फेरीसुद्धा पुरी होत नाही.

हिवाळ्यात पुन्हा एक जपानी गट आला. पद्मपाणीसमोर एका गृहस्थांनी जपानमधील होऱ्यूजी या बौद्ध मंदिराचे नाव काढले. तेथील भित्तिचित्रांची अजिंठ्याशी तुलना होते आणि ती १९४९ च्या आगीत होरपळली, हे मला ठाऊक होते. ‘एएतो’ म्हणून मी सुरुवात केली आणि आग, साल, भिंत एवढेच मोजके शब्द घेऊन बोलत राहिलो. क्रियापदाचे एक रूप चुकले, ते गृहस्थांनी हळूच दुरुस्त केले, मी ते पुन्हा उच्चारले आणि पुढे बोललो. आम्ही त्या चित्रासमोर दहा मिनिटे उभे होतो. पुढच्या तुकडीत मी पुन्हा नाव नोंदवले आहे आणि आदरार्थी भाषेसाठी वेगळा महिना ठेवावा, असे बाईंना लेखी कळवले आहे.