तेरा पायऱ्या आणि हरवलेला तार षड्ज: बोहलेन-पीअर्स ट्यूनिंग, सात महिन्यांनंतर

आठवडाभर गंमत करू म्हणून कीबोर्ड बोहलेन-पीअर्स ट्यूनिंगवर नेला, त्याला आता सात महिने झाले.

नेहमीच्या कीबोर्डवर प्रत्येक पट्टीची कंपनसंख्या मागचीच्या १.०५९५ पट असते, म्हणून बाराव्या पायरीला दुप्पट होते. इथेही भूमितीय श्रेढीच, पण गुणोत्तर १.०८८२, आणि तेराव्या पायरीला थेट तिप्पट. २२० हर्ट्झला सा धरला तर चक्र पुरं होतं ६६०ला, म्हणजे तार सप्तकातल्या पंचमावर. वाटेत ४४०, म्हणजे दुपटीचा तार षड्ज, लागतच नाही. आठव्या पायरीला ४३२.५ येतो. (हाइन्झ बोहलेन १९७०च्या दशकात आणि जॉन पीअर्स १९८४मध्ये, दोघंही स्वतंत्रपणे इथे पोचले. दोघंही पेशाने इंजिनिअर!)

या ४३२.५ने माझा पहिला महिना खाल्ला. पियानोच्या आवाजात सा आणि तो एकत्र दाबले की सेकंदाला सातेक वेळा थरथर. सा वाजताना त्याच्या पोटात ४४०चा हार्मोनिक (मूळ कंपनसंख्येच्या पटीतला उपस्वर) असतो, त्याच्याशी ही टक्कर. वैतागून सगळं पूर्ववत करणार होतो. मग सिंथचा स्क्वेअर वेव्हचा (चौकोनी लहरीचा) आवाज लावून पाहिला. त्यात फक्त विषम हार्मोनिक (तिप्पट, पाचपट वगैरे) असतात, त्यामुळे टकरायला ४४० उरतच नाही. थरथर गायब! क्लॅरिनेटचा खालचा आवाजही याच जातीचा, म्हणून या ट्यूनिंगची खास क्लॅरिनेट बनली आहेत. पियानोच्या आवाजात हे ऐकून नाक मुरडलेल्यांनी एकदा असं ऐकावं. शून्य, सहा, दहा या पायऱ्या एकत्र धरल्या की जवळजवळ ३:५:७ मिळतं. ओळखीचा गोडवा नाही, पण काय ठाम उभा राहतो तो कॉर्ड!

सेटअपला सर्ज एक्सटी हे सिंथ सॉफ्टवेअर पुरतं, फुकट आहे. एससीएल फाइल (पायऱ्यांचे आकडे असलेली साधी मजकूर फाइल) त्यावर ओढून टाकायची. फाइल मी हाताने लिहिली आणि शेवटच्या ओळीत, तिपटीच्या पायरीसाठी, १९०२ लिहून मोकळा झालो. दशांशचिन्ह नसलं की तो आकडा सेंट (स्वरांतर मोजायचं एकक, सप्तकात १२००) न राहता गुणोत्तर होतो, म्हणजे थेट १९०२ पट. तेराव्या पायरीपासून वर कीबोर्ड मुका! दोन संध्याकाळी केबल तपासत बसलो.

त्रास आहेतच. ६१ पट्ट्यांत सात सप्तकांहून जास्त पल्ला येतो, त्यामुळे खालच्या टोकाला गुरगुर, वरच्या टोकाला शिट्टी. शिवाय चक्र तेराचं, त्यामुळे सा दर फेरीला एक पट्टी पुढे सरकतो. रंगीत टिकल्या चिकटवल्याशिवाय सापडत नाही.

गाणं मात्र अजून जमत नाही. सहावी पायरी लागते, कारण ती धैवताला खेटून आहे. पहिली मात्र कोमल आणि शुद्ध रिषभाच्या अगदी मधोमध. ट्यूनर समोर ठेवून बसलो तरी गळा कुठल्या तरी एका बाजूला घसरतोच.