पहिली बाटली: एनएस की आरएल?

रात्रपाळीला डॉक्टर फोनवर ‘फ्लुइड चालू करा’ एवढंच म्हणतात. सिस्टरने ‘एनएस की आरएल?’ (नॉर्मल सलाईन की रिंगर लॅक्टेट) विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘हाताशी असेल ते.’ म्हणजे इमर्जन्सी ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात जी बाटली ठेवलेली असते, तिच्यावर पेशंटचा पहिला लिटर ठरतो. तिथे काय ठेवायचं, एवढ्यापुरतीच ही तुलना.

लेबलवरचे बाकीचे आकडे सगळ्यांना पाठ असतात. खरा फरक क्लोराइडचा. रक्तात ते लिटरला साधारण ९८ ते १०६ मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) असतं, आरएलमध्ये ११०च्या आसपास आणि एनएसमध्ये १५४. एखाद-दुसऱ्या बाटलीने काही बिघडत नाही, जादाचं क्लोराइड लघवीवाटे निघून जातं. सर्जरीच्या वॉर्डात दिवसाला दोन बाटल्या जाणाऱ्या पेशंटसाठी या वादात पडण्याचं कारणच नाही.

प्रश्न येतो तो उन्हाळ्याच्या शेवटी. विहिरी आटलेल्या, गावाला टँकरचं पाणी, वर पहिला पाऊस, आणि वॉर्डात जुलाब-उलट्यांचे पेशंट एकामागून एक. डोळे खोल गेलेत, नाडी हाताला लागत नाही, अशा ५० किलोच्या माणसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्लॅन सीप्रमाणे (अंगातलं पाणी फार कमी झालेल्यांसाठीचा) किलोला १०० मिली, म्हणजे पाच लिटर लागतात: पहिल्या अर्ध्या तासात दीड लिटर, पुढच्या अडीच तासांत साडेतीन. (वर्षाच्या आतल्या बाळाला तेच प्रमाण सहा तासांत: किलोला ३० मिली एका तासात, ७० मिली पाच तासांत.) इथे थेंब मोजण्यात अर्थ नसतो. दोन्ही हातांना हिरवी १८ नंबरची कॅन्युला (शिरेतली नळी), ड्रिपचा रोलर पूर्ण उघडा, आणि बाटली संपायच्या आत दुसरी तयार. या अर्ध्या लिटरच्या दहा बाटल्या एनएसच्या असतील तर तीन तासांत ७७० मिलिइक्विव्हॅलंट क्लोराइड अंगात जातं, आरएलच्या असतील तर साधारण ५५०. क्लोराइड चढलं की आम्ल मारणारं बायकार्बोनेट उतरतं आणि अ‍ॅसिडोसिस होतो, म्हणजे रक्तातली आम्लता वाढते. आरएलमधल्या लॅक्टेटचं मात्र यकृतात बायकार्बोनेट तयार होतं. लॅक्टेट हे नाव वाचून ‘याने अ‍ॅसिडोसिस वाढेल’ असं काहींना वाटतं, पण बाटलीत सोडियम लॅक्टेट असतं, लॅक्टिक अ‍ॅसिड नव्हे.

एनएसची एक गोष्ट मात्र फार त्रास देते आणि माझा कल तिथेच ठरतो. जुलाबात बायकार्बोनेट शौचावाटे जातं, त्यामुळे येणाऱ्या अ‍ॅसिडोसिसमध्ये अ‍ॅनायन गॅप (सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा करून उरतो तो आकडा) सहसा वाढत नाही, क्लोराइड वाढतं. एनएस भरपूर दिल्यावर येणारा अ‍ॅसिडोसिसही हुबेहूब तसाच. समजा रिपोर्टमध्ये सोडियम १४०, क्लोराइड ११४, बायकार्बोनेट १६ आलं. गॅप १४० वजा १३०, म्हणजे १०, नॉर्मल. आता हे बायकार्बोनेट जुलाबाने खाल्लं की आपण लावलेल्या बाटल्यांनी? कागदावरून सांगता येत नाही. पेशंटचे हातपाय गरम झालेत, बीपी आलंय, लघवी ताशी किलोला अर्धा मिलीच्या वर आहे, तरी श्वास खोल आणि जलद, मिनिटाला २८. नातेवाईक म्हणतात, ‘सिस्टर, धाप लागलीय.’ ड्युटीवरचा नवा डॉक्टर श्वास बघून शॉक (कोलमडलेलं रक्ताभिसरण) अजून उतरला नाही असं समजतो आणि आणखी एक लिटर एनएस लिहितो. ज्याने त्रास झाला तेच पुन्हा. जिथे एबीजीची (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीची) सोय नाही तिथे हा गोंधळ सकाळच्या राऊंडपर्यंत चालतो. आरएल चालू असेल तर निदान बाटलीवरचा संशय मिटतो. मग श्वास जलद दिसला तर फुफ्फुसात पाणी झालंय का, जुलाब अजून चालू आहेत का, इकडे लक्ष जातं.

आरएल फार लाडकी करावी असंही नाही. तिच्यात कॅल्शियम असतं आणि ते कामाला येतं त्यापेक्षा आडवंच जास्त येतं. सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक प्रत्येक वॉर्डात दिवसातून दोनदा चालतं, आणि आरएलच्या लाइनमध्ये ते गेलं तर कॅल्शियमशी मिळून साका बसतो. म्हणून आरएल बंद करा, १० मिली एनएसने लाइन धुवा, १०० मिली एनएसमधून औषध अर्ध्या तासात द्या, पुन्हा धुवा, मग आरएल. २८ दिवसांच्या आतल्या बाळाला या दोन गोष्टी वेगवेगळ्या लाइनमधूनही द्यायच्या नाहीत. सोडाबायकार्ब आरएलमध्ये टाकलं तर बाटली दुधाळ होते. रक्ताच्या पिशवीतल्या, रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटवर हे कॅल्शियम मात करतं आणि सेटमध्ये गुठळ्या धरू शकतात. फिट्सवरचं फेनिटॉइन एनएसमध्येच, आणि पावसाळ्यात सर्पदंशाची लसही आपण एनएसमध्येच पातळ करतो. औषधं मिसळायला एनएसला तोड नाही, हे मान्यच.

किडनी बंद पडलेल्याला आरएलमधलं पोटॅशियम चढेल, ही भीती मात्र अवाजवी वाटते. लिटरला ४ मिलिइक्विव्हॅलंट म्हणजे नॉर्मल रक्ताइतकंच. उलट एनएसचा अ‍ॅसिडोसिस पेशीतलं पोटॅशियम बाहेर ओढतो. जुलाबात तर ते कमीच पडतं: अ‍ॅसिडोसिस सुधारला की पोटॅशियम पेशीत शिरतं, पाय लुळे पडतात, पोट फुगतं. म्हणून पेशंट गिळू लागला की लगेच ओआरएस. त्यात लिटरला २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. केसीएलचा (पोटॅशियम क्लोराइडचा) १० मिलीचा अ‍ॅम्प्यूल टाकायची वेळ आलीच तर बाटली उतरवून, पाच-सहा वेळा उलटीसुलटी करून मगच लावा. टांगलेल्या बाटलीत टाकलं तर ते तळाशी बसतं आणि पहिल्या काही मिनिटांत एकदम जातं.

अभ्यास काय म्हणतात? २०१८ साली अमेरिकेत आयसीयूमधल्या सुमारे १५,८०० प्रौढांवर झालेल्या अभ्यासात मृत्यू, डायलिसिस किंवा किडनीचं टिकून राहिलेलं नुकसान, हे सगळं मिळून आरएलसारख्या फ्लुइडवर १४.३ टक्के आणि एनएसवर १५.४ टक्के आलं. नंतर २०२१ आणि २०२२ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासांत मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही; पण त्यांत आरएल नव्हे, प्लाझ्मालाइट नावाचं दुसरं फ्लुइड वापरलं होतं. तेव्हा एनएस म्हणजे विष, असं कुणी म्हणत असेल तर ते जास्तच झालं.

आणि काही ठिकाणी एनएसच. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेला पेशंट: आरएल किंचित पातळ, मेंदूची सूज वाढू शकते. नुसत्या उलट्या होऊन अल्कलोसिस (रक्तातलं आम्ल कमी) झालेला: त्याला क्लोराइडच हवं असतं. यकृत अगदी निकामी झालेल्याला लॅक्टेट पचवता येत नाही, तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय आरएल नको.

माझ्या मते वरच्या कप्प्यात आरएलच्या सहा बाटल्या, शेजारी १०० मिली एनएसच्या चार आणि ५०० मिलीच्या दोन. पेशंट अंबाजोगाईला किंवा घाटीला (मोठ्या सरकारी रुग्णालयात) रेफर होत असेल तर चिठ्ठीवर ‘आयव्ही फ्लुइड दिले’ असं मोघम नको. कोणती बाटली, किती, किती वाजता, हे लिहा. आणि रक्ताचं सॅम्पल सलाईन नसलेल्या हातातून घ्या. दोन्ही हात अडकले असतील तर दोन मिनिटं ड्रिप बंद करून, कॅन्युलाच्या खालच्या बाजूने. नाहीतर रिपोर्टमध्ये पेशंटचं नव्हे, बाटलीचं सोडियम-क्लोराइड येतं.