कांपालचा नदीकाठ आणि कोपऱ्यावरचा गाडा

काल बऱ्याच दिवसांनी पणजीतल्या कांपालला गेलो, बांदोडकर मैदानावर मुलाची फुटबॉल प्रॅक्टिस असते म्हणून तासभर टाइमपास करायचा होता, तर सरळ मांडवीच्या काठाने चालत सुटलो. २००४ ला इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) गोव्यात आला तेव्हा हा भाग चकाचक केला, पण खरं सांगू का, मला अजून इथली जुनी झाडंच आवडतात. समोर रेईश मागूशचा किल्ला, मध्ये कॅसिनोच्या बोटी (संध्याकाळी त्यांचे लाइट लागले की किल्ला दिसायचा बंदच, काय बोलणार), आणि वारा एकदम मस्त.

आता खाण्याचं. थोडं पुढे एक गाडा आहे, नाव नाही लिहीत. रोस ऑम्लेट घेतलं, म्हणजे ऑम्लेटवर खोबऱ्याच्या वाटणाचा रस्सा. रोस गरम, खोबऱ्याचं वाटण चांगलं भाजलेलं, वर बारीक कांदा आणि लिंबू, पाव मात्र सकाळचा, हातात घेतला तर भुगा. सांगितलं तर म्हणतो, "बाब, पोदेर (पाववाला) आज उशिरा आला." अरे मग पाव ताजा असायला हवा ना! पुढच्या वेळी पोई (गोव्याचा गव्हाचा पाव) घरूनच नेणार.

बसायला बाक आहेत, पण कचऱ्याचा डबा शोधत मी कागदी प्लेट हातात घेऊन पार कला अकादमीपर्यंत गेलो. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी अकादमीची नदीकडे इतकी मोकळी इमारत बांधली आणि आम्हाला डबा ठेवायला जमेना. पार्किंगचं तर विचारूच नका, मॅच असली की स्कूटरच आणा.

रोसला ५ पैकी ४, पावाला १.