लांज्याजवळची आमची चिऱ्याची केबिन : एक अख्खा पावसाळा काढल्यानंतर

चिऱ्याची, म्हणजे खाणीतून कापलेल्या जांभा दगडाची, दहा बाय चौदा फुटांची एक खोली, पुढं सहा फुटांची पडवी, मागं थोडं सुटं बाथरूम आणि संडास, बस एवढंच बांधलंय. दिवाळीनंतर जायला-राहायला लागलो आणि आता गणपतीही होऊन गेलेत, म्हणजे थंडी, मे महिना आणि पावसाळा तिन्ही बघून झाले. निसर्गातली वेलनेस केबिन म्हणून जे फोटो फिरत असतात ना, समोर अख्खी काचेची भिंत, पांढरीशुभ्र गादी, बाहेर लाकडी डेक, ते कोकणात जसंच्या तसं बांधायला जाऊ नका. बरेच जण विचारतायत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही खोली लहान ठेवली आणि तो पैसा छप्पर आणि पडवीवर घातला, आणि माझ्या मते अख्ख्या कामात हाच निर्णय सगळ्यात भारी ठरला. कारण तिथं गेल्यावर आम्ही खोलीत नसतोच. सकाळचा चहा, बायकोचा योगा, माझा लॅपटॉप, फणस फोडणं, दुपारची डुलकी, सगळं पडवीत. वळचण तीन फूट बाहेर काढलीय त्यामुळं साधा पाऊस पडवीत येत नाही, पण जुलैत नैऋत्येचा वारा सुटला की पाऊस आडवाच येतो, तिथं तीन फूट काय नि चार फूट काय. त्या बाजूला मेच्या शेवटी गावच्या काकांनी माडाची झापं विणून बांधली, दिवाळीला काढून टाकायची. आर्किटेक्टनं तिथंच स्लायडिंगची काच सुचवली होती, व्ह्यू मिळेल म्हणून. बरं झालं ऐकलं नाही. पावसाळ्यात व्ह्यू म्हणजे धुकं, आणि उन्हाळ्यात त्या काचेतून चार वाजताचं ऊन थेट अंगावर.

भिंती नऊ इंची जांभ्याच्या. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, तासता येतो, आणि हवा लागली की कडक होत जातो. खाण जवळच असल्यामुळं वाहतूक कमी, भट्टीत काही भाजायचं नाही, सस्टेनेबल वगैरे जे म्हणतात ते इथं आपोआपच झालं. बाहेरून प्लास्टर नाही, आतून चुन्याचा गिलावा. इथं गवंडी सिमेंटसाठी फार मागं लागतात, पण चिरा पाणी पितो आणि ती ओल बाहेर पडायला वाट लागते, चुन्यातून ती सुकून जाते, सिमेंटमागं कोंडली की पोपडे सुटतात. आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर ऑगस्टमध्ये ओलीचा पट्टा आला होता, आता जवळजवळ गेलाय. मेमध्ये मात्र एक गोष्ट कळली, या जाड भिंती दुपारी तीनपर्यंत खोली छान गार ठेवतात पण दिवसभर प्यालेली उष्णता रात्री सोडतात. म्हणून समोरासमोर खिडक्या आणि आढ्याखाली जाळीचा झरोका, हे मस्टच. तो झरोका नसता तर रात्री अकरापर्यंत आत बसवलं नसतं. अजून एक, आपण सतरा अंशाच्या आसपास अक्षांशावर आहोत, त्यामुळं साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडं झुकलेला असतो. उत्तरेची खिडकी कायम सावलीतच असणार हे परदेशी प्लॅन बघून धरून चालू नका, तिलाही छज्जा लागतो.

आता छपराकडं येतो. मंगलोरी कौलं घातलीत, दिसतात सुंदर, खाली हवा खेळती राहते, पाऊसही कसा भरीव वाजतो, पत्र्यासारखं डोकं उठत नाही. पण माकडं! आंब्यावरून टोळी उतरली की धपाधप कौलांवरून पळतात आणि गेल्यावर बघावं तर चार-पाच फुटलेली. गावात लोकांनी कौलं काढून पत्रे का घातले ते तेव्हा समजलं. आम्ही शेवटी खाली पत्रा आणि वर कौलं असं करून घेतलं, खर्च वाढला, आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, कौलं परतायचं काम तरी बरंच हलकं झालं. नव्यानं बांधणाऱ्यांनी पहिल्यापासूनच तसं करा.

पाण्याचा हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमचं छप्पर वळचणीसकट चाळीस चौरस मीटर, इकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, म्हणजे सव्वा लाख लिटर कुठं गेले नाहीत. पण साठवायचे कुठं? पाच हजारांची टाकी जूनमध्ये एका रात्रीत भरून वाहते आणि पाणी लागतं एप्रिल-मेमध्ये, तेव्हा विहिरीचा तळ दिसत असतो. टाकीत जे मावेल तेवढंच आपलं, बाकी सगळं व्हाळात, म्हणजे ओढ्यात.

सोलर ठीकठाक. ३३० वॉटचं पॅनल, १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, म्हणजे सव्वा युनिटच्या आसपास साठा. बीएलडीसी पंखा तीसेक वॉट खातो (साधा असता तर सत्तर-ऐंशी), तीन दिवे, फोन, लॅपटॉप, मेपर्यंत कधी विचारही करावा लागला नाही. जुलैच्या झडीत मात्र बॅटरी दुपारपर्यंत निम्मीसुद्धा भरत नाही. बसवणाऱ्यानं बारा महिने बिनघोर म्हणून छातीठोक सांगितलं होतं, आता फोन उचलत नाही. त्या दिवसांत लॅपटॉप बंद, तसाही रेंजचा पत्ता नसतो.

संडास सुका, कंपोस्टचा. उन्हाळ्यात अजिबात वास नाही, पावसाळ्यात लाकडाचा भुसाच दमट होतो आणि काम बिघडतं, झाकणाच्या ड्रममध्ये कोरडा भुसा मेमध्येच भरून ठेवावा लागतो. बुरशीचं तर विचारू नका, चामड्याचा पट्टा, पुस्तकं, कापसाची गादी सगळ्यावर. आता काथ्याची गादी आणलीय आणि कपडे येता-जाता सोबतच.

आणि हे कुठल्याच वेलनेसवाल्या व्हिडिओत कुणी सांगत नाही : फुरसं, विषारी साप. रत्नागिरीच्या कातळावर ते सर्रास असतं, छोटंसं, मातकट, पालापाचोळ्यात दिसतच नाही, आणि रात्री बाहेर पडतं. जोतं दोन फूट उंच ठेवलंय, भोवती चार फूट गवत-पाला काही ठेवत नाही, चिऱ्यांची रास घराला चिकटून रचायची नाही, संडासला जाताना टॉर्च आणि बूट सक्तीचे. संडास सुटा असण्याचा हाच एक मोठा तोटा, परत बांधायचं झालं तर पडवीलाच जोडून घेईन. जवळच्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशावरचं इंजेक्शन (प्रतिविष) असतं का ते जागा घेतानाच विचारून या, व्ह्यू नंतर बघा.

मग वेलनेस मिळालं का? झोप तरी नक्की मिळाली. साडेनऊला डोळे मिटतात, पहाटे आपसूक जाग येते, बायकोचं अर्धं डोकं दुखायचं ते तिकडं असताना फारसं दुखत नाही. शांतता मात्र म्हणाल तर नाही हो, जूनमध्ये बेडूक रात्रभर असे ओरडतात की आमच्याकडं आलेला मित्र दुसऱ्या दिवशी सकाळीच एसटीला जाऊन बसला. मेच्या शेवटी पहिल्या सरींच्या आधी समोरच्या किंजळीच्या झाडावर काजवे लागले होते, ते मात्र दिवे बंद करून तासभर बघत बसलो.

खर्च विहीर सोडून साडेनऊ लाखांच्या आसपास आला, त्यात पत्रा-कौलांचं डबल काम धरलंय. भाड्यानं देणार का म्हणून मेसेज येतायत, तर नाही. चिऱ्याचे चालू रेट आणि गवंडी पाहिजे असेल तर विचारा, पण गवंडी नोव्हेंबरच्या आधी मोकळे नाहीत, भातकापणी आहे.