बीए करायचं तर टिळकवाडी की पुणे?

बारावीचा निकाल लागला की आमच्या बेळगावात हाच घोळ, इथल्या आरपीडी कॉलेजला नाव घालायचं की पुण्याला सिंबायोसिसच्या लिबरल आर्ट्सला पाठवायचं. दोन्हीकडं बीएच, पण प्रकार एकदम वेगळा बगा.

आरपीडी १९४५ चं, टिळकवाडीत, राणी चन्नम्मा विद्यापीठाखाली. विषय सुरुवातीलाच ठरतात, सिलॅबस विद्यापीठाचा, परीक्षाही त्यांचीच. कर्नाटकानं २०२४ पासून डिग्री परत ३ वर्षांची केली, म्हणजे एक वर्षाचा खर्च वाचला. खानापूरची मुलगी सकाळच्या लाल बसनं येते, कर्नाटकाच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट, म्हणून तिला तिकिटाचा खर्चच नाही, आणि संध्याकाळी घरचं जेवण! हे हिशोबात कुणी धरतच नाही.

सिंबायोसिसचं ४ वर्षांचं, विमाननगरला. मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि जोडविषय, नंतर निवडता येतं, सायकॉलॉजीसोबत इकॉनॉमिक्स किंवा फिल्म स्टडीज पण जमतंय, लिहायला बोलायला भरपूर, पण सगळं इंग्लिशमध्ये. आणि मराठी मीडियमच्या पोराला पहिलं सेमिस्टर नुसतं समजून घेण्यातच जातं. प्रवेशाला सेट ही सिंबायोसिसची प्रवेश परीक्षा द्यायची, मग इंटरव्ह्यू. फी लाखांत, वर हॉस्टेल.

माझं मत विचाराल तर ज्याला यूपीएससी, केपीएससी (कर्नाटकाची लोकसेवा परीक्षा) नाहीतर बीएड करून मास्तर व्हायचंय त्यानं कर्ज काढून पुण्याला जाऊ नये, इथंच बीए करून उरलेल्या पैशांत पुस्तकं आणि क्लास होतात. पण काय शिकायचं हेच अजून ठरलं नाही, इंग्लिश बरं आहे आणि घरची ऐपत आहे, तर सिंबायोसिसचा फॉर्म भराच.