मिनीडीव्ही कॅसेट डीव्हीडीवर उतरवताना: संगणक की रेकॉर्डर?

घरच्या मिनीडीव्ही (व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या डिजिटल) कॅसेट लवकर डीव्हीडीवर उतरवायच्या असतील, तर साठ मिनिटांची कॅसेट कोणत्याही मार्गाने साठ मिनिटेच चालते, हे आधी मान्य करावे लागते. डिस्क १६ एक्स वेगाने सहा-सात मिनिटांत भरते, त्यामुळे महागडा रायटर घेऊनही विशेष काही साधत नाही. वेळ खातो तो या दोहोंमधला टप्पा.

फायरवायरने (कॅमेरा संगणकाला जोडणाऱ्या केबलने) संगणकावर घेतलेले तासाभराचे चित्रण सुमारे १३ जीबी भरते आणि डीव्हीडीसाठी त्याचे एमपेग-२ या आटोपशीर स्वरूपात रूपांतर करावे लागते. माझा जुना डेस्कटॉप त्यात रात्रभर अडकून पडे. नव्या प्रोसेसरवर हा भाग कदाचित जाणवणारही नाही. मला खटकले ते निराळेच. मेनू, रूपांतर आणि बर्निंग (डिस्क लिहिणे) एकाच बटणावर करणारे माझे सॉफ्टवेअर झालेले काम जपून ठेवत नसे. भाच्याच्या मुंजीची डिस्क तयार झाल्यावर मेव्हण्यांनी मेनूवर तारीखही हवी असे सुचवले, आणि त्या एका ओळीसाठी सबंध चित्रणाचे रूपांतर पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. यावर तोडगा आहे: रूपांतर वेगळ्या एन्कोडरने, ‘लोअर फील्ड फर्स्ट’ ठेवून करावे (चित्राच्या ओळींचा हा क्रम चुकला की हलती माणसे थरथरतात), तयार फाइलला हात न लावणारे ऑथरिंग (मेनू व डिस्कची मांडणी करणारे) सॉफ्टवेअर वापरावे आणि आधी हार्ड डिस्कवर आयएसओ (डिस्कची हुबेहूब फाइल) करावी, म्हणजे डिस्क वाया गेली तरी केवळ बर्निंगच पुन्हा करावे लागते. मात्र इतके सांभाळण्याचा उत्साह प्रत्येक कॅसेटला टिकत नाही.

डीव्ही इनपुट (कॅमेऱ्याची केबल थेट जोडण्याची सोय) असलेल्या डीव्हीडी रेकॉर्डरमध्ये रूपांतर कॅसेट चालू असतानाच होते. कॅसेट संपली, डिस्क फायनलाइझ केली (इतर प्लेयरवर चालावी अशी पूर्ण केली), की काम झाले. मेनू ओबडधोबड असतो, नाव रिमोटने एकेक अक्षर शोधत लिहावे लागते आणि हार्ड डिस्क असलेले मॉडेल नसेल, तर नको असलेला भाग आधी गाळता येत नाही. दोन तासांच्या मोडचा (एका डिस्कवर दोन तास मावावेत म्हणून चित्राचा दर्जा उतरवणाऱ्या) मोह मात्र टाळावा. गिरगावातल्या विसर्जन मिरवणुकीचे चित्रण मी त्या मोडमध्ये उतरवले, तेव्हा गुलाल उधळताच पडद्यावर चौकोनी ठिगळे दिसू लागली. एक तासाच्या मोडमध्ये तोच प्रसंग बराच स्वच्छ आला.

लग्नाचे चित्रण नीट कापून, गाणी घालून द्यायचे असेल, तर संगणकाला पर्याय नाही, हे मान्यच आहे. पण कपाटात साठलेल्या कॅसेटना मुंबईच्या दमट हवेत बुरशी लागण्याची भीती असते, आणि त्यांच्यासाठी मला रेकॉर्डरच अधिक सोयीचा वाटतो. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा ओळखीतून जुना रेकॉर्डर मिळत असेल, तर स्वतःचा कॅमेरा, डीव्ही केबल आणि कोरी डिस्क सोबत न्यावी, पाच मिनिटांचे चित्रण तिथेच उतरवून फायनलाइझ करावे आणि ती डिस्क दुसऱ्या प्लेयरवर चालते का, हे पाहूनच पैसे द्यावेत.