बिनआवाजाचा मीडिया पीसी: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यानंतर

हॉलमधल्या टीव्हीसाठी जोडलेला हा पीसी असा आहे: रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, मिनी-आयटीएक्स हा छोटा मदरबोर्ड, नॉक्टुआचा एनएच-एल९ए हा जेमतेम ३७ मिमी उंचीचा कूलर, एक एनव्हीएमई एसएसडी, सिनेमांसाठी ५४०० आरपीएमची ३.५ इंची हार्ड डिस्क आणि छोटा एसएफएक्स एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. वर लिनक्स आणि कोडी हा सिनेमे चालवणारा प्रोग्रॅम. आज रात्री सीलिंग फॅन बंद केला तरी सोफ्यावरून पीसी चालू आहे की बंद, ते कळत नाही. सुरुवातीला मात्र त्यातून तऱ्हतऱ्हेचे आवाज येत होते आणि एप्रिलमध्ये तो चांगलाच तापत होता. हे जवळजवळ सगळं नवा पार्ट न घेता सुटलं, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितो आहे.

आवाज आला की लोक आधी नवा पंखा मागवतात. त्याआधी तो आवाज कशाबरोबर बदलतो ते पाहा. कसा ऐकू येतो यावरून फसगत होते, कारण पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये कुठलाही आवाज कुठूनही आल्यासारखा वाटतो. गिफ्ट पेपरची पुठ्ठ्याची नळी एका कानाला लावून दुसरं टोक एकेका भागाजवळ न्या, निम्मा शोध तिथेच लागतो. पंख्याचा संशय असेल तर पात्यांना हात न लावता मधल्या गोल भागावर बोट हलकेच टेकवून पंखा दोन-तीन सेकंद थांबवा. आवाज थांबला तर पंखा, नाहीतर पुढे चला. फोनवर स्पेक्ट्रोइडसारखं आवाजाची वारंवारिता दाखवणारं ॲप असेल तर फोन कॅबिनेटला चिकटवून धरा. ९० हर्ट्झला टोक दिसलं तर ५४०० आरपीएमची डिस्क, १२० ला दिसलं तर ७२०० ची, आणि १०० ला दिसलं तर विजेची गुणगुण. आपला पुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे ती दुप्पट वारंवारितेवर, म्हणजे १०० ला येते.

पहिला त्रास होता पंख्याच्या वर-खाली होण्याचा. काहीही चालू नसताना दर थोड्या वेळाने पंखा जोर धरायचा आणि ओसरायचा. एकसारख्या आवाजापेक्षा हा जास्त छळतो, कारण एकसारख्या आवाजाची कानाला सवय होते, बदलत्याची होत नाही. पंखा यात निर्दोष आहे. लायब्ररी स्कॅन, थंबनेल अशी बारीक कामं आली की प्रोसेसर क्षणभर पूर्ण वेगाने धावतो, चिपचं तापमान सेकंदभरात १५-२० अंशांनी उडी मारतं, आणि बोर्डाची मूळ फॅन कर्व्ह (किती तापमानाला पंखा किती वेगाने फिरावा ती आखणी) त्या उडीमागे धावते. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, ६० अंशांपर्यंत ३५ टक्के, ७५ ला ६० टक्के आणि ८५ ला १०० टक्के अशी कर्व्ह ठेवली. पंख्याचा वेग वाढण्याआधीचा विलंब जितका मिळतो तितका दिला. शिवाय इको मोड, म्हणजे ६५ वॅटचा प्रोसेसर ४५ वॅटवर. सिनेमा पाहताना फरक शून्य, आणि एवढ्या बुटक्या कूलरवर आपल्या उन्हाळ्यात ६५ वॅटचा हट्ट धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा आवाज खटखटीचा, दर काही सेकंदांनी एक बारीक 'टक'. ही डिस्क आपलं हेड (वाचणारं टोक) पार्क करत, म्हणजे बाजूला नेऊन ठेवत असते. खात्री करायला डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएल या आज्ञेने १९३ क्रमांकाचा आकडा (हेड किती वेळा पार्क झालं) पाहा, पाच मिनिटांनी पुन्हा पाहा. तेवढ्यात दहा-वीसने वाढला तर कारण हेच. एचडीपार्म या लिनक्सच्या आज्ञेने पॉवर मॅनेजमेंटची पातळी २५४ केली की बऱ्याच डिस्क गप्प होतात. मात्र ५ आणि १९७ या क्रमांकांचे आकडे (डिस्कवरच्या खराब जागांची मोजणी) शून्याहून जास्त असतील आणि वाढत असतील, तर आवाजाचा विचार सोडा आणि आधी डेटा दुसरीकडे घ्या.

डिस्कची घरघर हे वेगळं प्रकरण. डिस्क थेट पत्र्याला स्क्रूने आवळली की तिची थरथर अख्खं कॅबिनेट उचलून धरतं, आणि खालचा लाकडी टीव्ही युनिट तबल्यासारखा घुमतो. चारही स्क्रूंखाली रबरी ग्रोमेट घातले, स्क्रू रबर चेपण्याआधीच थांबवले, आणि कॅबिनेटच्या पायांखाली ५ मिमी जाडीचे मऊ रबराचे तुकडे ठेवले. या एका कामाने सगळ्यात जास्त फरक पडला. एकाच वेगाच्या दोन डिस्क असतील तर घरघर लाटेसारखी हळूहळू वाढते आणि उतरते. दोन्हींच्या फिरण्यात किंचित तफावत असते, म्हणून तसं होतं. त्यात बिघाड काही नाही.

तिसरा आवाज फक्त वीज गेल्यावर यायचा: एसएमपीएसमधून जाड 'भर्रर्र'. घरातला इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर हे होणारच. एसएमपीएसचं आतलं सर्किट साइन वेव्ह गृहीत धरून बनवलेलं असतं, खडबडीत तरंगाने त्यातली कॉइल आवाज करते आणि तो तापतोही. उपाय प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टरचा किंवा यूपीएसचा. तोवर वीज गेल्यावर पीसी बंद करावा. या आवाजासाठी एसएमपीएस उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो.

चौथी ती बारीक शिट्टी, कॉइल व्हाइन, म्हणजे विजेच्या कॉइलच्या थरथरीचा आवाज. मेन्यू सरकवला की सूर बदलतो आणि पंखा थांबवूनही जात नाही, यावरून ती ओळखावी. धोका काही नाही, पण कानाला लागत असेल तर वॉरंटीत पार्ट बदलून मागण्याखेरीज भरवशाचा उपाय नाही.

आता तापण्याकडे. आकडा बघताना खोलीचं तापमान वजा करा, नाहीतर जानेवारी आणि मे यांची तुलनाच होत नाही. खोलीपेक्षा २५ अंश जास्त हे सिनेमा चालू असताना ठीक, ४५ जास्त असेल तर काहीतरी अडलं आहे. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंशांची आहे, त्याच्या जवळ गेला की तो वेग कमी करतो.

कुठे अडलं आहे हे तापमानाच्या चालीवरून कळतं. पूर्ण लोड देताच पाच सेकंदांत आकडा ९० च्या घरात गेला आणि लोड काढताच धाडकन खाली आला, तर कूलर आणि चिप यांच्यातला संपर्क खराब आहे: दोन्हींमधली उष्णता वाहणारी पेस्ट सुकलेली, नाहीतर स्क्रू एका बाजूने ढिला. याउलट पंधरा-वीस मिनिटं तो हळूहळू चढत राहिला आणि नंतर उतरायलाही तेवढाच वेळ घेतला, तर पेस्ट बदलून उपयोग नाही, हवा कोंडली आहे. अशा वेळी आधी टीव्ही युनिटचं दार उघडा आणि दहा मिनिटं थांबा. मग कॅबिनेटचं झाकण काढा आणि पुन्हा थांबा. ज्या पायरीला आकडा आठ-दहा अंशांनी पडेल तिथे अडथळा.

या पीसीत दोन अडथळे निघाले. एक टीव्ही युनिटचा. मागची फळी पूर्ण बंद होती, सेट-टॉप बॉक्स पीसीच्या डोक्यावर होता. सुताराकडून मागच्या फळीत वरच्या बाजूला वायरींसाठी पाडतात तशी ६० मिमीची दोन भोकं पाडून घेतली, खाली एक, आणि सेट-टॉप बॉक्स बाजूला सरकवला. दुसरा अडथळा कॅबिनेटच्या आत. कूलरचा पंखा आणि जाळी यांच्यात बोटभर पोकळी होती, त्यामुळे पंखा बाहेरची गार हवा घेण्याऐवजी आतलीच गरम हवा पुन्हा ओढत होता. स्टेशनरीच्या दुकानातला ईव्हीए फोम चौकटीसारखा कापून ती पोकळी भरली, मधे ९० मिमीचं वर्तुळ मोकळं ठेवून. नॉक्टुआचा एनए-एफडी१ हा तयार संचही हेच करतो. फोम पात्यांना घासत नाही ना, हे हाताने पंखा फिरवून आधी तपासा.

पेस्ट बदलायची वेळ आलीच तर या प्रोसेसरच्या एएम४ सॉकेटमध्ये एक काळजी घ्या. पीसी दहा मिनिटं लोडवर चालवून मग बंद करा, प्लग काढा, आणि कूलर आधी डावी-उजवीकडे हलकेच पिळून मगच उचला. थंड, घट्ट पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. एनएच-एल९एचे स्क्रू बोर्डाच्या मागून असल्यामुळे बहुतेक कॅबिनेटमध्ये बोर्ड बाहेर काढावाच लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मधोमध ४ मिमीचा थेंब, आणि स्क्रू तिरपे, अर्धा-अर्धा फेरा.

तापण्याचं एक कारण मात्र हवा आणि पेस्ट यांच्या बाहेरचं. ५६००जीमधल्या ग्राफिक्सला एव्ही१ या प्रकारचा (कोडेकचा) व्हिडिओ डीकोड करता, म्हणजे उलगडता येत नाही. यूट्यूबने एव्ही१ पाठवला की सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि पंखा ओरडतो. 'स्टॅट्स फॉर नर्ड्स'मध्ये कोडेकच्या जागी एव्ही०१ दिसलं तर हेच. ब्राउझरमध्ये एव्ही१ बंद करणारं एक्स्टेंशन टाकलं की त्याजागी व्हीपी९ हा दुसरा कोडेक येतो आणि तापमान लगेच उतरतं. कोडीत सिनेमा चालू असताना कीबोर्डवर 'ओ' दाबा. डीकोडरपुढे एचडब्ल्यू दिसायला हवं, एसडब्ल्यू दिसलं तर हार्डवेअर प्रवेग बंद पडला आहे. आज असा पीसी नव्याने जोडणाऱ्याला मी इंटेल एन१०० सुचवेन. त्याचा टीडीपी (उष्णतेचा नेमलेला आकडा) ६ वॅट, एव्ही१ डीकोड आतच, आणि नीट हीटसिंक असेल तर पंख्याशिवायही चालतो. फक्त मोठी डिस्क मग दुसऱ्या खोलीतल्या नॅसवर (नेटवर्कवरच्या साठवणीवर) ठेवा.

साफसफाईचं वेळापत्रक आपल्या घरांप्रमाणे ठरवा. हॉलमध्ये देवघर असेल किंवा स्वयंपाकघर लागून असेल, तर अगरबत्तीची काजळी आणि फोडणीची वाफ यांनी धूळ चिकट होते, पावसाळ्यात दमट होऊन पंख्याच्या पात्यांवर आणि कूलरच्या फिनांमध्ये बसते. अशी धूळ ब्लोअरने उडत नाही, आधी मऊ ब्रशने सोडवावी लागते. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. मेमध्ये एकदा आणि दिवाळीच्या आवराआवरीत एकदा पुरतं. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या मात्र लावूनच ठेवा, पालीला तेवढी फट पुरते.